हात बांधून वाचा फुटत नाही

‘त्याच्याशी खुणांनी बोलू नका, नाहीतर तो कधीच बोलणार नाही.’ मूल कर्णबधिर असल्याचं कळल्यावर आईबापांना जे सल्ले मिळतात, त्यांत हा सर्वांत ठामपणे दिला जातो. नवी मुंबईतलं नेरूळही त्याला अपवाद नाही. दवाखान्यातून निघालेला हा सल्ला सोसायटीच्या बाकड्यावर येईपर्यंत नियम होतो आणि गावी आजीपर्यंत पोचतो तेव्हा त्याची शपथ झालेली असते. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. मुलानं चारचौघांसारखं बोलावं, एवढीच त्यांची इच्छा असते. पण इच्छा चांगली म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही. या सल्ल्यामागचा पुरावा तोकडा आहे आणि त्याची किंमत मात्र दीड-दोन वर्षांच्या पोराला मोजावी लागते.

हा सल्ला घरात उतरला की काय होतं? सकाळची वेळ. ओट्याजवळ दोन वर्षांची मुलगी उभी आहे. कानामागे ऐकण्याचं मशीन, कानात बसणारा त्याचा मोल्ड थोडा सैल झालेला, म्हणून आईनं जवळ घेतलं की शिट्टी वाजते. मुलगी फ्रिजकडे बोट दाखवते, मग मूठ उघडमीट करते. दूध हवं, याची ही तिनं स्वतः शोधलेली खूण. आईला ती कळलेलीही असते. पण शब्द आल्याखेरीज वस्तू हातात द्यायची नाही, असं तिला सांगितलेलं आहे. म्हणून ती पेला हातात धरून ‘दूध, दूऽध’ म्हणत राहते. मुलगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघते आणि ‘ऊ’ असा आवाज काढते. तेवढ्यानं भागत नाही. पुन्हा ‘दूऽध’, पुन्हा ‘ऊ’. शेवटी पोर फरशीवर बसकण मारून भोकाड पसरतं आणि दूध मिळतं. त्या सकाळी मुलगी शिकली ते इतकंच, की आईला समजलेलं असलं तरी ती न समजल्यासारखं करते आणि काम होतं ते रडण्यानं.

तोंडाकडे बघून तिला किती कळणार होतं, हेही तपासावं. द, ध, त, थ हे आवाज दातांमागे होतात आणि बघणाऱ्याला जवळजवळ सारखेच दिसतात. प, ब, भ, म यांना ओठ मिटतात तेही सारखेच. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ आवाज न करता आरशासमोर म्हणून बघा, फरक दिसत नाही. क आणि ग तर घशाशीच राहतात. ज्याला भाषा आधीच येते, तो संदर्भावरून उरलेलं भरून काढतो. भाषाच नसलेल्या मुलानं ते कशाच्या आधारानं भरून काढायचं?

या वादात खरी चणचण वेळेची आहे. ऐकू येणारं मूल दोन वर्षांचं होईपर्यंत ‘आई ये’, ‘दूध नको’ असे दोन शब्द जोडू लागतं. म्हणजे त्याआधीची दोन वर्षं भाषा त्याच्या कानावर अखंड पडत असते. कर्णबधिर मुलाची हीच वर्षं मूल ‘उशिरा बोलणारं’ आहे या समजुतीत, मग तपासणीच्या तारखांत आणि मोल्डच्या मापांत जातात. त्यात आता खुणांनाही बंदी. मशीन लागून, ते नीट बसून, ऐकण्याची सवय होऊन पहिला शब्द उमटेपर्यंत मुलाजवळ भाषा म्हणून असतं काय? काहीच नाही. या पोकळीला सल्ला देणारे ‘धीर धरा’ म्हणतात.

ही पोकळी किती महागात पडते, हे १९९८ साली क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातून दाखवून दिलं. त्यांनी १५० मुलं तपासली. ७२ मुलांचा श्रवणदोष वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत कळला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. सामान्य बुद्धिमत्तेच्या मुलांमध्ये लवकर निदान झालेला गट भाषेत स्पष्टपणे पुढे होता. या अभ्यासातली एक गोष्ट आपल्याकडे सांगायची राहून जाते. लवकर निदानाचा हा फायदा सगळ्या घरांत दिसला. बहिरेपण सौम्य असो की तीव्र, घर गरीब असो की सुखवस्तू, मुलाशी फक्त तोंडी बोललं जात असो की खुणांसह. फरक पडला तो मुलाला किती लवकर गाठलं यानं. पुढे जगभर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार-शिक्षण सुरू, असं वेळापत्रक मानलं जातं.

मग हातांवरचा हा राग आला कुठून? १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी जमले आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून तोंडी पद्धतच चालवावी, असा ठराव झाला. त्या १६४ जणांत कर्णबधिर होता फक्त एक. पुढची शंभर वर्षं जगभरच्या अनेक शाळांत मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या. भारतातही शाळांची अधिकृत वाट तोंडी पद्धतीचीच राहिली. तरी मुलं एकत्र आली की खुणा फुलतच होत्या. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि जेम्स वुडवर्ड यांनी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळुरू इथल्या कर्णबधिरांच्या खुणा तपासल्या, तेव्हा या शहरांतल्या खुणांचं आपसांत जवळचं नातं असल्याचं आढळलं. शाळांनी न शिकवलेली भाषा देशभर रुजली होती. २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं मिलानचे ठराव फेटाळले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. परिषदेनं चूक कबूल केली, आपल्याकडचा सल्ला मात्र १८८० मध्येच उभा आहे.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा २०१७ चा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. अ‍ॅन गिअर्स आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं बसवायचं श्रवणयंत्र, लावलेल्या ९७ मुलांचा अभ्यास केला. ज्या घरांत खुणा वापरल्या नव्हत्या, तिथली ७० टक्क्यांहून जास्त मुलं प्राथमिक शाळा संपत येईतो बोलीभाषेत वयाच्या बरोबरीला आली. तीन वर्षं किंवा जास्त काळ खुणा वापरणाऱ्या घरांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. तोंडी पद्धतीचे पुरस्कर्ते हे आकडे पुढे करतात आणि आकडे खरे आहेत.

पण त्यांचा अर्थ सांगितला जातो तो नाही. एक तर त्या घरांतल्या बहुतेक ‘खुणा’ बोलता बोलता अधूनमधून केलेल्या होत्या. आईवडिलांना खुणांची भाषा कितपत येत होती, हे मोजलेलंच नव्हतं. दुसरं असं, की ज्या मुलाचं बोलणं झपाट्यानं सुधारतं, त्याच्या घरी खुणा आपोआप मागे पडतात आणि ज्याचं अडतं, तिथे त्या टिकतात. खुणा टिकल्या म्हणून बोलणं अडलं की बोलणं अडलं म्हणून खुणा टिकल्या, याचा निवाडा अशा अभ्यासानं होत नाही. तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे. लवकर इम्प्लांट होऊनही खुणा न वापरणाऱ्या गटातली सुमारे तीस टक्के मुलं बरोबरीला आली नाहीत. त्या मुलांजवळ बोली अपुरी आणि दुसरी भाषा दिलेलीच नव्हती. नेरूळमधलं आपलं मूल सत्तरांत असेल की तिसांत, हे वयाच्या पहिल्या वर्षी कोणता डॉक्टर सांगू शकतो?

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१४ मध्ये कॅथरीन डेव्हिडसन, डायान लिलो-मार्टिन आणि डेबोरा चेन पिचलर यांनी कर्णबधिर आईबापांच्या पोटी जन्मलेली, पाळण्यापासून खुणांच्या भाषेत वाढलेली आणि पुढे इम्प्लांट झालेली मुलं तपासली. त्यांची बोलीभाषा अशाच घरांतल्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या तोडीची निघाली. मुलं पाचच होती, पण ‘हात चालले की जीभ अडते’ हा नियम खरा असता, तर सर्वांत वाईट गत याच मुलांची व्हायला हवी होती. आणि ऐकू येणाऱ्या आईबापांचं काय? नाओमी कॅसेली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की सहा महिन्यांच्या आत खुणांची भाषा मिळू लागली, तर ऐकू येणाऱ्या आईबापांच्या कर्णबधिर मुलांचा त्या भाषेतला शब्दसंग्रहही वयानुसार वाढतो. आईबाप तोवर शिकाऊच असतात, तरीही.

‘पण आता इम्प्लांट आहे ना!’ हा पुढचा प्रतिप्रश्न. आहे आणि ते मोठं वरदान आहे. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद झाली आणि त्या कामाची सूत्रं वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आली. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नेरूळहून वडाळ्याला गाडी बदलून गाठता येते. पण शस्त्रक्रियेनं मिळते ती ऐकण्याची सोय, भाषा नव्हे. शिवाय इम्प्लांटचा आवाज टिपणारा कानामागचा प्रोसेसर साधारणपणे आंघोळीला उतरतो, झोपताना उतरतो, बॅटरी संपली की गप्प होतो. नेरूळच्या पावसाळ्यात, खाडीच्या दमट हवेत, मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर बिघडायला वेळ लागत नाही. दुरुस्तीला गेलं की मूल पुन्हा पूर्ण शांततेत. तापानं फणफणलेल्या, मशीन काढून झोपवलेल्या पोराला ‘कुठे दुखतंय?’ हे मध्यरात्री कसं विचारायचं, याचं उत्तर हात बांधायला सांगणाऱ्यांकडे नाही.

याचा अर्थ बोलण्याचा नाद सोडा, असा मुळीच नाही. ‘बहिरं आहे, ते काय बोलणार’ म्हणून मशीन कपाटात टाकणारी घरंही आहेत आणि त्यांचीही तेवढीच चूक होते. मुंबईत १९८६ पासून काम करणारी ‘ऑरेड’ ही संस्था किंवा चेन्नईत १९६९ मध्ये सुरू झालेली बाल विद्यालय ही शाळा, यांनी ऐकण्या-बोलण्यावर भर देऊन किती पुढे जाता येतं हे दाखवलं आहे. त्यांच्या यशात ठळक दिसतं ते लहान वय, रोजची मशीन आणि आईबापांना शिक्षणात ओढून घेणं. या तिन्ही गोष्टी हात मोकळे ठेवूनही करता येतात.

बोलण्यासाठी घरानं करायचं काम भरपूर आहे आणि ते नेमकं आहे. मशीन जागेपणी सतत कानात हवं. सणावाराला काढून ठेवायचा तो दागिना नव्हे. तान्ह्या मुलाचा कान भराभर वाढतो, म्हणून मोल्ड दर दोन-तीन महिन्यांनी तपासून घ्यावा. शिट्टी वाजली तर आवाज कमी करायचा नाही, मोल्ड बदलायचा. रोज सकाळी मुलाच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज काढायचे आणि मूल कशाला मान वळवतं ते पाहायचं. डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही चाचणी बारीक आवाजापासून घुमणाऱ्या आवाजापर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा तपासते आणि तिला दोन मिनिटं पुरतात. काल ‘स’ ऐकणारं मूल आज ऐकत नसेल, तर बॅटरी, नळी किंवा कानातली सर्दी बघायची.

अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, म्हणून स्वयंपाकघरातून हॉलमधल्या मुलाला हाक मारण्यात अर्थ नाही. हातभर अंतरावर यायचं, टीव्ही बंद करायचा, मिक्सर चालू असताना गोष्ट सांगायची नाही. मटार सोलताना ‘शेंग उघडली, दाणा पडला, गोल दाणा’ असं चालू कामाचं बोलणं बोलायचं, बोलून थांबायचं आणि मुलाला उत्तराला वेळ द्यायचा. याच वेळी ‘गोल’ची खूण केली, तर मुलाला अर्थ आधी मिळतो आणि आवाज त्या अर्थाला येऊन चिकटतो. हातातला पेला रोखून धरण्यापेक्षा हे कितीतरी जास्त फळतं. मुलानं मूठ उघडमीट केली की ‘दूध हवं? हे घे दूध’ म्हणत पेला द्यावा. शब्द तेवढ्यात दोनदा ऐकवून होतो आणि भांडणही टळतं.

मराठी घरांना आणखी एक सल्ला हमखास मिळतो. शाळा इंग्रजी आहे, म्हणून घरीही इंग्रजीच बोला. आगरी बोलीत वाढलेल्या आजीनं आणि जेमतेम इंग्रजी येणाऱ्या आईनं नातवाशी, लेकराशी ‘कम हिअर, ड्रिंक मिल्क’ एवढंच बोलायचं, म्हणजे ज्या मुलाला आधीच भाषा कमी मिळते आहे, त्याच्या वाट्याची आणखी निम्मी काढून घ्यायची. रागावणं, लाडावणं, थट्टा, गोष्ट हे सगळं आईला ज्या भाषेत सहज येतं, तीच भाषा मुलाला भरघोस मिळते. नेरूळमधल्या करावे, सारसोळे, दारावे या गावांतल्या घरी ती आगरी-मराठी असेल, तर तीच खरी.

आता सर्वांत रास्त आक्षेप. नेरूळमधल्या आईबापांनी भारतीय सांकेतिक भाषा शिकायची कुठे? बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकू येणारेच असतात, त्यांनी आयुष्यात एकही कर्णबधिर माणूस जवळून पाहिलेला नसतो. पण ‘सोय नाही’ हे कारण झालं, ‘घातक आहे’ हा पुरावा नव्हे. आणि सोय अगदीच नाही असंही नाही. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. त्याचे व्हिडिओ फोनवर फुकट बघता येतात. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या शैक्षणिक वाहिन्यांतली ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठीच आहे. घराला पहिल्या महिन्यात लागतात त्या रोजच्या खुणा : दूध, पाणी, ये, नको, दुखतंय, झोप, बाबा, बस. बाबांनी, आजोबांनी, थोरल्या भावंडानं त्या शिकायला हव्यात. नाहीतर सगळा भार आईवर पडतो, आणि आजच्या सल्ल्यात तो तिच्यावरच पडलेला आहे. मूल बोललं तर थेरपी चांगली, नाही बोललं तर आईनं खुणा केल्या असतील, असा न्याय घराघरांत चालतो.

सरकारी कागद या सल्ल्याच्या पुढे गेलेले आहेत. नवजात ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आजार व दोष शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सांकेतिक भाषेत पात्र शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ही भाषा देशभर प्रमाणित करण्याविषयी बोलतं. कायद्यानं ज्या भाषेसाठी शिक्षक नेमायचे, तिच्यावर दवाखान्यातल्या खोलीत बंदी घालण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला?

नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं शिक्षण, प्रशिक्षण व सेवा केंद्र वाशीला आहे, नेरूळहून तिसरं स्टेशन. महापालिकेचं मीनाताई ठाकरे रुग्णालय तर नेरूळमध्येच आहे. तिथे आणि प्रत्येक खासगी प्रसूतिगृहात जन्मलेल्या एकूण एक बाळाची ओएई ही प्राथमिक श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी झाली पाहिजे. ज्याचा निकाल संशयास्पद येईल, त्याची बेरा ही निदानाची श्रवणचाचणी तीन महिन्यांच्या आत झाली पाहिजे. निदान झालेल्या घरासाठी संध्याकाळी, नोकरीहून परतलेल्या बापालाही येता येईल अशा वेळी, सांकेतिक भाषेचा वर्ग नेरूळमध्येच भरला पाहिजे आणि तो शिकवायला पगारी कर्णबधिर शिक्षक हवा. आणि नेरूळच्या आईबापांनी पुढच्या भेटीत थेरपिस्टला सरळ विचारावं : खुणांनी बोलणं अडतं, हे तुम्ही कोणत्या अभ्यासाच्या आधारे सांगता, त्या अभ्यासातल्या आईबापांना खुणांची भाषा येत होती का, आणि आमचं मूल बोलीपर्यंत पोचलं नाही, तर त्याच्याजवळ कोणती भाषा असेल? उत्तर मिळेपर्यंत मशीन कानात राहू द्यावं आणि हातही मोकळे ठेवावेत.